खरखरीचा पारखी

नगरच्या नागापूर एमआयडीसीत तो दिवसभर माल नापास करतो. क्वालिटी विभागात आहे. भोकाच्या मापात केसभर फरक निघाला तरी अख्खा लॉट परत पाठवतो, त्यामुळे सप्लायर त्याला लांबून बघूनच रस्ता बदलतात. संध्याकाळी सावेडीतल्या घरी आला की हातपाय धुतो, चहा घेतो, आतल्या खोलीचं दार लावतो आणि पाच आकडी किमतीच्या एका डबीत पुरेसा बिघाड आहे की नाही ते तपासायला बसतो. बिघाड कमी पडला तर डबीही परत.

या गृहस्थाला आपण फझकरी म्हणू. वय चाळिशीच्या अलीकडे, कपाळ पलीकडे. कॉलेजात असताना त्याच्याकडे गिव्हसन गिटार होती. अमेरिकेची गिब्सन नव्हे, कोलकात्याची गिव्हसन. आता बरी इलेक्ट्रिक गिटार आहे, छोटा ॲम्प आहे, आणि गेली कित्येक वर्षं एकच काम चालू आहे: पायाखालची ती डबी, म्हणजे फझ पेडल, निवडणं. या काळात त्याच्या बरोबरीच्यांची लग्नं झाली, घरं बांधून झाली, काहींची विकूनही झाली. याचं पेडल अजून ठरायचं आहे.

फझ म्हणजे काय, हे त्याला विचारू नये. निदान बस पकडायची असेल तर मुळीच विचारू नये. गिटारमधून येणारी विजेची लाट गोलाईदार असते. ती इतकी वाढवायची की सर्किटमध्ये मावेनाशी होते. मग तिचे माथे आणि तळ छाटले जातात, गोल लाट चौकोनी होते आणि मूळ सुरासोबत वरचे नाना स्वर घुसतात. कानावर येते ती जाड, केसाळ, चिरकी घरघर. बेतानं छाटलं तर ओव्हरड्राइव्ह, सढळ हातानं छाटलं तर डिस्टॉर्शन आणि लाजलज्जा सोडून छाटलं तर फझ. मेव्हण्यानं एकदा जेवायच्या आधी सहज ‘छान आहे हो तुमचं डिस्टॉर्शन’ म्हटलं, आणि पानं वाढायला साडेदहा वाजले. फझवर भरगच्च कॉर्ड वाजवली तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून लगदा होतो, म्हणून तो बहुतेक गाणी दोन तारांवर भागवतो. ही अडचण आहे असं तो म्हणत नाही. शैली आहे म्हणतो.

फझच्या जन्माची कथा तर प्रत्येक पाहुण्याला ऐकावीच लागते. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत होता आणि मिक्सरचा एक भाग नेमका तेव्हाच बिघडला. सुरेल वाद्यातून घरघर निघाली. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाच्या जागी आपला फझकरी असता, म्हणजे दिवसपाळीतला फझकरी असता, तर त्यानं लाल शिक्का मारून टेप परत केली असती. तिथे ती ठेवली गेली. १९६१ साली गाणं गाजलं. पुढे तो बिघडलेला भाग कायमचाच बंद पडला आणि लोक तर तोच आवाज मागायला लागले. तेव्हा स्नॉडीनं एका सहकाऱ्याला हाताशी धरून तो बिघाड मुद्दाम करून देणारं सर्किट बनवलं. गिब्सन कंपनीनं ते १९६२ मध्ये ‘मायस्ट्रो फझ-टोन’ नावानं बाजारात आणलं. जाहिरातीत सांगितलं की यातून गिटार ट्रम्पेट-ट्युबासारखी वाजते. दुकानदारांनी माल भरला, गिऱ्हाईक फिरकेना. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती सुरावट याच डबीतून वाजवली. त्याच्या मनात ती जागा खरं तर ट्रम्पेटवाल्यांची होती, फझ नुसती कच्ची खूण म्हणून होता. कच्चंच पक्कं झालं आणि पडून राहिलेला माल बघता बघता उडाला.

आता यातला नगरचा भाग. मार्टी रॉबिन्सच्या त्या पहिल्या गाण्याचं नाव ‘डोंट वरी’. आणि ‘डोंट वरी, बी हॅपी’ हे वचन मेहेरबाबांचं, हे अरणगावच्या रस्त्यानं मेहेराबादकडे जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. हा निव्वळ योगायोग आहे. फझकऱ्याला तो योगायोग वाटत नाही. त्याच्या बाजूनं एक खराखुरा पुरावाही आहे, त्याचं नाव पीट टाउनशेंड. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा हा गिटारवादक अवतार मेहेरबाबांचा भक्त. १९७१ चं ‘बाबा ओ’रायली’ हे गाणं त्यानं बाबा आणि संगीतकार टेरी रायली या दोघांच्या नावांवरून बेतलं आणि सत्तरच्या दशकात तो मेहेराबादला समाधीच्या दर्शनाला येऊनही गेला. सत्तर सालाच्या आसपास त्याच्या पायाखाली जी डबी असे ती युनिव्हॉक्स सुपर-फझ, जपानी बनावटीची, मूळ सुराच्या डोक्यावर वरच्या सप्तकातला सूर बसवणारी. म्हणजे जगातल्या एका नामांकित फझचा रस्ता नगर-दौंड रोडवरून जातो, असं आमच्या फझकऱ्याचं म्हणणं. मेहेराबादच्या टेकडीवर तो एकदा परदेशी भाविकांना थांबवून त्या डबीबद्दल विचारत होता. ते बिचारे समाधीपुढे डोकं टेकायला आले होते.

गंमत अशी की मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आणि त्यांच्या भक्ताच्या बँडची नोंद १९७६ साली गिनेस बुकात झाली, ती जगातला सर्वांत कर्कश बँड म्हणून: लंडनच्या चार्लटन मैदानावर, बत्तीस मीटरवरून १२६ डेसिबल. दरवर्षी १० जुलैला भाविक मौन पाळतात. फझकऱ्याच्या शेजाऱ्यांना मेहेरबाबांविषयी विशेष माहिती नाही, पण ही प्रथा त्यांना अतिशय आवडलेली आहे. ती वर्षभर का नसावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

निवडीकडे येऊ. फझ दोन घराण्यांचे, जर्मेनियम आणि सिलिकॉन. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीनं माइकच्या स्टँडच्या बैठकीसारखा गोल डबा करून ‘फझ फेस’ काढला, तो जिमी हेंड्रिक्सनं अजरामर केला. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर. दोनच. सगळे मिळून सुटे भाग डझनभरसुद्धा नाहीत. एवढ्याशा डबीला इतके पैसे का, असं बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं ‘कमी भाग म्हणजे प्रत्येक भागाची जबाबदारी जास्त’ असं कारखान्यातल्या मीटिंगमधलं उत्तर दिलं. ‘मग पगारही त्या भागांनाच द्या,’ असं त्यावर ऐकून घेतलं.

जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांत एसी १२८ हे मोठं घराणं. आणि इथे फझकऱ्याला भारतात जन्मल्याचं सार्थक वाटतं, कारण बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी एके काळी हेच एसी १२८ बनवायची. ते जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत बसायचे. ज्या रेडिओवर कुणाच्या तरी आजोबांनी बाजारभाव आणि आजीनं ‘आपली आवड’ ऐकली, त्याच्या पोटात हेंड्रिक्सचा आवाज झोपलेला आहे, या विचारानं तो भारावतो. नातेवाइकांकडे गेला की आधी माळ्याकडे बघतो. वर्षश्राद्धाला गेला होता तिथून मर्फीचा रेडिओ पिशवीत घालून आला.

तो रेडिओ घेऊन तो एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेला. दुकान एवढंसं, भिंतीला टेकून उघडे टीव्ही, टेबलावर सोल्डरचा धूर. काकांना वाटलं, रेडिओ चालू करायचाय.

“चालू नाही करायचा काका. यातले दोन ट्रान्झिस्टर काढून द्या.”

“का? चांगले आहेत की.”

“चांगले नकोयत. जरा लीक असलेले बघा. पण फार लीक नकोत.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “दादा, चाळीस वर्षं लोकांच्या रेडिओतली खरखर काढून पोट भरलं. घालून मागणारे तुम्ही पहिले.” पण माणूस हाडाचा कारागीर. मीटर लावला, चार रेडिओंचे दहा ट्रान्झिस्टर मोजून दिले आणि कुठला कंडेन्सर सुकलाय तेही सांगितलं. पैसे घ्यायला मात्र तयार होईनात. बिघाडाचे पैसे कुठल्या तोंडानं घ्यायचे, हा त्यांचा प्रश्न.

पुढे त्या दहांचे गुण जुळवणं आलं. छत्तीस गुणांची पत्रिका याहून सोपी. पहिल्या ट्रान्झिस्टरचा गेन सत्तर-ऐंशीच्या घरात हवा, दुसऱ्याचा शंभराच्या वर, आणि नऊ व्होल्टच्या सेलवर दुसऱ्याच्या कलेक्टरपाशी साधारण साडेचार व्होल्ट दिसले पाहिजेत. दहांतून एक जोडी जमली. डिसेंबरात तिनं असा काही संसार केला की फझकरी रात्री एकटाच हसायचा. थंडी, जर्मेनियम, गिटारचा व्हॉल्यूम जरा मागे घेतला की घरघर विरून घंटेसारखा स्वच्छ सूर, पुढे केला की पुन्हा गर्जना. गिटारच्या नुसत्या बटणावर असं नरम-गरम होणं हा या जातीचा खरा गुण आहे, आणि या एका बाबतीत फझकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो बरोबर आहे.

एप्रिल आला. नगरचा पारा चाळिशीच्या पुढे गेला. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान दहाएक अंश वाढलं की आतली गळती जवळजवळ दुप्पट होते. साडेचार व्होल्ट कुठल्या कुठे गेले आणि पेडल सूर अर्ध्यात तोडून थुंकायला लागलं. विलायतेच्या हवेत जन्मलेलं सर्किट भर दुपारी सावेडीत दुसरं काय करणार? त्यानं ते फ्रीजमध्ये ठेवलं. पन्ह्याची बाटली आणि कोथिंबिरीची जुडी यांच्या मध्ये, प्लास्टिकच्या डब्यात. आईनं उपासाचं काही असेल म्हणून डबा उघडला. “अरे, हे काय आणि कधी संपवायचं?” एवढंच विचारलं. वाजवायच्या वेळी तो पेडल काढी, पंधरा मिनिटं स्वर्ग भोगी आणि परत आत ठेवी. फ्रीजच्या दारावर त्यानं वेळापत्रक लावलं, ते बायकोनं दुधाच्या हिशेबाखाली झाकलं.

मग अर्थातच सिलिकॉन. उन्हाळ्याला न डगमगणारं, पण आवाज टोकदार. त्यातही बीसी १०८ चा फझ फेस घ्यावा, की न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा चार ट्रान्झिस्टरवाला बिग मफ? बिग मफ म्हटलं की पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर आला, म्हणजे लांब श्वासाचे सूर आले. पण मफ कुठला, सत्तरच्या दशकातला की नव्वदच्या दशकात रशियात बनलेला सोव्हटेक? रविवारी तो शिवाजीनगरची एसटी पकडून पुण्याला जातो, तपकीर गल्लीत सुटे भाग हुडकतो, एखाद्या वाद्यांच्या दुकानात पेडलं वाजवून बघतो. दुकानातला पोरगा विनम्रपणे विचारतो, ‘सर, कुठल्या प्रकारचं संगीत वाजवता?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. संगीताचं अजून ठरलेलं नाही. आधी पेडल ठरू दे.

सेलचं मात्र ठरलं आहे. अमेरिकन गिटारवादक एरिक जॉन्सनला वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेलचा आवाज वेगळा ऐकू येतो, हे त्यानं वाचलं आणि स्वतःही ऐकू लागला. त्याचा कौल स्वस्तातल्या हाय-वॉटच्या नऊ व्होल्टला, तोही अर्धा उतरलेला. टाउनशेंडचे ॲम्प हायवॉट कंपनीचे होते. त्या विलायती कंपनीचा या सेलशी काडीचा संबंध नाही, पण स्टेजवर ‘आपण हायवॉट वापरतो’ असं म्हणता येतं. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याच्यासाठी नवे सेल मुद्दाम उन्हात ठेवतो, अशी गल्लीत वदंता आहे.

मढीच्या यात्रेत एकदा परीक्षाच झाली. कानिफनाथाच्या गडाखाली, गाढवांच्या बाजाराच्या अंगानं बँजो पार्टी चालली होती. टायपरायटरसारख्या बटणांचा बँजो, त्याला बसवलेला पिकअप, अहुजाचा जीव खाऊन तापलेला ॲम्प आणि वर भोंगा. निघणारा आवाज अस्सल फझ: भणभणणारा, चिरकणारा, तार लांबवर ओढणारा. लंडनच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये ब्लेडनं स्पीकरचा पडदा फाडून जे मिळवलं, ते पाथर्डी तालुक्यात पडदा आपोआप फाटून मिळत होतं. दुसरा कुणी असता तर तिथेच शहाणा झाला असता. आमचा गृहस्थ भोंग्याजवळ जाऊन मोबाइलवर आवाज टिपून आला, घरी येऊन आलेख काढला आणि म्हणाला, “छान आहे, पण मधल्या पट्टीत थोडा पोकळ.” लॉट परत.

यंदाच्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात त्याला एक गाणं मिळालं. ‘दम मारो दम’. मूळ गाण्यात गिटार भूपिंदर सिंगांची, त्यामुळे दडपण होतंच. सप्टेंबरची रात्र, पावसाची भुरभुर, जर्मेनियमला मानवेल असा गारवा. त्यानं मर्फीवाली जोडी नेली. पाय ठेवला, पहिला सूर छेडला. सूर जाड झाला, केसाळ झाला, मंडपाच्या कनाती थरथरल्या. तोच साउंडवाला पोरगा मिक्सर सोडून धावत स्टेजवर आला. “दादा, थांबा, थांबा! वायर लूज आहे तुमची!” त्यानं जॅक दोनदा हलवला, केबल काढून दुसरी लावली, भोंग्याच्या दिशेनं हात करून कुणाला तरी शिव्या घातल्या आणि पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तोच आवाज. “नाही हो, ॲम्पच गेलाय बहुतेक,” असं म्हणून त्यानं कान पकडले.

इतकी जाणकार दाद फझकऱ्याला आजवर मिळाली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर त्यानं त्या पोराला आग्रहानं चहा-भजी खिलवली आणि निवड झाल्याचं घरी जाहीर केलं. बायकोनं देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो काकांच्या दुकानात हजर. अगदी हेच पेडल, याच मापाचं, आणखी एक बनवून हवं होतं.

“एक आहे ना चांगलं चालू?” काका म्हणाले.

“आहे. पण बिघडलं म्हणजे?”