पंगतीत ज्ञान वाढण्याची रीत

राधानगरी तालुक्यात जावळाच्या किंवा जत्रेच्या जेवणाला जाऊन नुसते जेवून परतणे सुशिक्षित माणसाला शोभत नाही. पंगतीत चार गोष्टी ज्ञानाच्याही वाढाव्यात. मात्र वेळ साधावी. रस्सा येण्याआधी तोंड उघडू नये. उपाशी कोल्हापूरकराला माहिती देणे धोक्याचे. पहिली वाटी संपून वाढपी बादली घेऊन दुसऱ्यांदा फिरू लागला, की घसा खाकरावा.

सुरुवात मिरचीने करावी. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला आणि पुढे त्यांच्याच जहाजांतून अमेरिका खंडातली मिरची इकडे उतरली. त्याआधी फोंडा घाटाच्या वर काय नि खाली काय, तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. "म्हंजे तांबडा रस्सा आपला न्हवं?" असे कोणी ताटावरून मान वर करून विचारलेच, तर "मटण आपलंच की!" म्हणून पुढे सरकावे.

साबुदाण्याची गोष्ट अधिक स्फोटक आहे. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथला, शेंगदाणा तिथला, मिरचीही अमेरिकेकडचीच. खिचडीत जुने म्हणावे असे तूप-जिरेच. म्हणजे एवढ्या परदेशी ऐवजाने उपास टिकतो; मोडतो तो आपल्या आजऱ्याच्या घनसाळ भाताने! हे एकादशीला, विशेषतः सासूबाईंच्या हातात ताटली असताना, बोलू नये. द्वादशीला बोलावे, तेही दाराजवळ बसून.

फणस निघाल्यास थोडक्यात आटपावे: एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचे स्वतंत्र फळ. लोकांचे हात तेलाने माखलेले असतात, टाळ्या मिळत नाहीत.

चहा आला की शाहू महाराजांना आणावे. ज्यांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, त्यांनीच पन्हाळ्यावर चहा-कॉफीची लागवड करून पाहिली होती. महाराजांचे नाव निघाल्यावर इथे कोणी उलट प्रश्न करत नाही, हा या माहितीचा मोठा गुण.

मध्येच कोणाला रश्श्याचा ठसका लागला, तर तिखट ही चव नसून जळजळ आहे, ती करणारे कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यातले केसीन मात्र त्याला धरते, हे सगळे सांगण्याचा मोह होईल. आवरावा. आधी दही-कांद्याची वाटी त्याच्यापुढे सरकवावी. आणि पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, हे तर त्याला त्या दिवशी मुळीच सांगू नये.