गुणिले शंभर

युरोने 2025 साली रुपयाची शंभरी ओलांडली. देशाचं त्यात काय व्हायचं ते झालं असेल, आमच्या घरातला हिशेब मात्र सोपा झाला. त्याआधी आमचे हे नव्वद-ब्याण्णवने गुणायचे, मध्येच हातचा विसरायचे आणि त्या गोंधळात एखादी गोष्ट आम्हाला परवडूनही जायची. आता नुसती दोन शून्यं लावायची. कॉफी सहा युरो, म्हणजे सहाशे रुपये. सहाशेची कॉफी आमच्या घराण्यात आजवर कोणी प्यालेलं नाही. प्यालं असलं तरी कबूल केलेलं नाही.

हे बँकेतून निवृत्त झाल्यावर एकदा तरी परदेशी जायचं, हे ठरलेलंच होतं. व्हिएन्नाच का, तर जगातल्या राहण्यालायक शहरांची दरवर्षी जी यादी निघते, तिच्यात ते 2022 पासून सलग तीन वर्षं पहिलं होतं. सगळा जन्म डोंबिवलीत काढलेल्या माणसाला राहण्यालायक म्हणजे नेमकं काय असतं ते एकदा बघून यावंसं वाटलं, तर त्यात चूक काय? पण 2025च्या यादीत कोपनहेगनने पहिला नंबर पटकावला. मी हिरमुसले. हे म्हणाले, "उलट बरंच झालं. दुसऱ्या नंबरावर आल्यावर हॉटेलवाले जरा भाव उतरवतील."

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींना आमचा बेत पटला नाही. "एकाच गावात आठवडाभर? आम्ही बारा दिवसांत नऊ देश केले!" त्या गेल्यावर यांनी त्यांच्या टूरची किंमत भागिले नऊ केली आणि रात्री बराच वेळ पंख्याकडे बघत पडून राहिले. आम्हाला एकच देश पडत होता, तोही पूर्ण किमतीला.

मग अंदाजपत्रक सुरू झालं. तिकीट, विमा, निवास, प्रवास, खाणं, 'किरकोळ' आणि 'आकस्मिक' अशी खाती पडली. माझी खरेदी आकस्मिकमध्ये. "म्हणजे भूकंप वगैरे झाला तरच?" मी विचारलं. हे उत्तरले नाहीत, कारण तेवढ्यात आपलं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक साडेतीन टक्के कापून घेते, या ओळीवर ते येऊन पोहोचले होते. "ही लूट आहे," ते म्हणाले. बत्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून त्यांनी हीच रक्कम 'नाममात्र शुल्क' म्हणून लोकांना समजावून सांगितली होती, पण मी ते काढलं नाही. संसार असाच टिकतो.

व्हिसाच्या कागदपत्रांनी तर कमाल केली. शेंगेन व्हिसाची फी 2024 च्या जूनपासून नव्वद युरो झाली आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. शिवाय तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा हवा. राहण्याचं आरक्षण हवं, विमानाचं हवं, म्हणजे आपण येणार नक्की, हे त्यांनी येऊ द्यायचं ठरवण्याआधीच आपण ठरवलेलं असलं पाहिजे. आणि सगळ्यांत मोठी अट, आपण परत जाणार याचा पुरावा. तो देताना यांच्यातला कर्ज-अधिकारी जागा झाला. फ्लॅटचा करारनामा, पेन्शनचा कागद, मुदत ठेवींच्या पावत्या, सोसायटीच्या खजिनदारपदाचं पत्र, सगळ्याची यादी करून वर कव्हरिंग लेटर लावलं. त्यात शेवटी 'अर्जदाराच्या मातोश्री, वय 86, अर्जदारासोबत राहतात' अशी ओळ होती. सासूबाईंनी ती चष्मा पुसून वाचली.

"मला कशात घातलंय रे?"

"तारणात," मी म्हटलं. यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सासूबाईंनी त्या बदल्यात खाण्याचं खातं ताब्यात घेतलं. किचनेट असलेली खोली घेतली होती, कारण व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात. अगदी रोजची दूध-ब्रेडवाली सुपरमार्केटंसुद्धा, स्टेशनांतली काही सोडली तर. म्हणजे शनिवारी संध्याकाळीच ब्रेड-भाजी आणून ठेवायची. सासूबाईंनी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, खाकरे काढले आणि वर साजूक तुपाची बरणी ठेवली. आता आली पंचाईत. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पेढे नाहीत, श्रीखंडाच्या वड्या नाहीत, तूप नाही.

"गायीचं आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

"तरीही नाही."

"अगं, घरी कढवलंय. मांसाबरोबर तुपाचं नाव घेतात?" आल्प्सच्या कुशीतला हा देश त्यांच्या नजरेतून त्या क्षणी उतरला तो कायमचा. भातावर काय घ्यायचं याची चिंता त्यांना आजही आहे.

विमानतळावरून शहरात जायला दोन गाड्या. हिरवी सिटी एअरपोर्ट ट्रेन कुठेही न थांबता सोळा मिनिटांत नेते. दुसरी साधी लोकल, एस-7, थांबत थांबत पंचवीसेक मिनिटांत त्याच स्टेशनात पोहोचवते आणि तिचं तिकीट हिरव्या गाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. दोघांच्या भाड्यात फरक जवळजवळ वीस युरोंचा. गुणिले शंभर. "नऊ मिनिटांचे दोन हजार!" हे ओरडलेच. "नऊ मिनिटं वाचवून मी त्या गावात करणार काय? स्लोने जाऊ." मलाही ते पटलं. नाहीतरी पहाटे उतरून हॉटेलची खोली दुपारपर्यंत मिळत नाहीच.

शहरातल्या प्रवासाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांना भरून आलं. व्हिएन्नाचा वार्षिक पास 2012 पासून 2025 पर्यंत 365 युरोंना मिळत होता. रोजचा एक युरो; त्यात मेट्रो, ट्राम, बस सगळं. "केवढं स्वस्त," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आपण सातच दिवस तिथे असणार हे मी दोनदा सांगून पाहिलं. तिथल्या मेट्रोत आत शिरायला फाटकंच नाहीत. तिकिटावर आपलं आपण शिक्का मारायचा आणि चालू लागायचं. मध्येच साध्या कपड्यांतला तपासनीस उगवतो आणि तिकीट नसलं तर घसघशीत दंड लावतो. यावर यांनी 'तपासनीस' असा एक रकाना उघडला. त्यात शून्य लिहिलं. नुसता धाक असावा म्हणून.

दुसरं शून्य पाण्याचं. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली मोठी वाहिनी 1873 साली सुरू झाली, दुसरी 1910 साली, आणि डोंगरातून शहरापर्यंत हे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने येतं. रस्तोरस्ती पिण्याचे नळ आहेत. आमच्याकडे वरच्या मजल्यावर पाणी चढवण्यावरून सोसायटीच्या तीन सर्वसाधारण सभा मोडल्या आहेत, त्यामुळे खजिनदारांना हा भाग फारच हृद्य वाटला. मोटारीचं बिल नाही म्हणजे काय चेष्टा आहे?

सहाशेच्या कॉफीचाही मग निकाल लागला. तिथल्या कॅफेत कॉफी छोट्या चकचकीत ट्रेमधून येते, सोबत पाण्याचा ग्लास असतो आणि एका कपावर तीन तास बसलं, दांडीला लावलेली वर्तमानपत्रं वाचली, तरी वेटर उठा म्हणत नाही. हे कॅल्क्युलेटर काढून म्हणाले, "तासाला दोनशे. जागेचं भाडं धरलं तर कॉफी फुकट." वर्तमानपत्र जर्मन असणार, हा मुद्दा मी राखून ठेवला आहे.

केकवर मात्र एकमत होईना. साखरटॉर्ट हा तिथला प्रसिद्ध चॉकलेटचा केक. फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ पोऱ्याने 1832 साली मेटरनिखच्या घरच्या पाहुण्यांसाठी तो केला, असं सांगतात. पुढे 'अस्सल' कोणाचा यावरून हॉटेल साखर आणि डेमेल या मिठाईवाल्यांची वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. 'अस्सल' हा शब्द शेवटी हॉटेलला मिळाला. जर्दाळूच्या जॅमचा एक थर केकच्या मध्येही असला पाहिजे की नुसता वरच्या चॉकलेटखाली, असल्या प्रश्नावर माणसं कोर्टात जातात, म्हणजे हे आपल्यातलेच लोक. माझं म्हणणं, दोन्हीकडचा एकेक तुकडा खायचा. यांचं म्हणणं, वाद मिटलेला आहे, आपण पुन्हा चौकशी कशाला करायची?

तडजोड म्हणून शॉनब्रुन राजवाडा बाहेरून बघायचा ठरला. तिथली बाग फुकट आहे. आतल्या खोल्यांना तिकीट. बेल्व्हेडेरमध्ये क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र आहे, त्याला माणशी दीड-दोन हजार पडणार म्हटल्यावर हे एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांचं बघायला?" मुलीने फोनवरून दम दिला, तेव्हा ती रक्कम निमूटपणे आकस्मिकमध्ये टाकली गेली. माझ्या खरेदीतून.

राहता राहिला ऑपेरा. तिथल्या स्टेट ऑपेरात चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर पडतात. पण उभ्याने ऐकायच्या जागा शेकड्याने आहेत, त्याच दिवशी विकायला निघतात आणि हजार-दीड हजार रुपयांत काम होतं. गायक तेच, वाद्यं तीच.

"पैसे देऊन तीन तास उभं राहायचं?" मी विचारलं.

"मग छत्तीस वर्षं पास काढून दुसरं काय केलं?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. हे पुढे वाचत होते आणि एकदम खुर्चीतून उठले. आत गेल्यावर आपल्या जागेसमोरच्या दांडीला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ठेवायचा आणि खुशाल फिरायला जायचं. ती जागा आपली. कोणी हात लावत नाही.

"अगं, रुमाल टाकतात!" त्यांचा आवाज कापत होता. "व्हिएन्नात!"

त्या संध्याकाळी कपाटातले सगळे रुमाल पलंगावर आले. पांढरे बाद, कारण तिथे सगळ्यांचेच पांढरे असतील. मोठ्या चौकडीचे दोन निवडले, लांबून ओळखू येतील असे, आणि दोन राखीव. मी विचारलं, त्या दिवशी ऑपेरा कुठला आहे? तो रकाना अजून भरलेला नव्हता.