नानामामांचा समुद्र

पेणला समुद्र नाही, हे वाक्य आमच्या नानामामांसमोर उच्चारायची सोय नाही. पेणला खाडी आहे, अंतोऱ्याचं बंदर आहे, मिठागरं आहेत, उधाणाचं पाणी बांध फोडून भातात शिरतं तो अख्खा खारेपाट आहे. नाही ती फक्त पुळण. "वाळू तेवढी अलिबागला ठेवलीय," मामा म्हणतात. जणू घरात जागा होत नव्हती.

मामा गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकी रंगकाम दुसरे करोत, डोळ्यांना मामांचाच ब्रश लागतो. त्यामुळे चतुर्थीपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. नवरात्र सरलं की मात्र घरी येईल तो पाहुणा समुद्राला नेलाच पाहिजे, मग तो पत्रिका द्यायला आलेला असो, पापड न्यायला आलेला असो, की उसने पैसे मागायला. गाडी पाहुण्याची, पेट्रोल पाहुण्याचं, समुद्र मामांचा.

वडखळपर्यंत मामा गप्प असतात. पोयनाड गेलं की सावरून बसतात. कार्ले खिंड आली की फर्मान सुटतं, "एसी बंद करा, काचा खाली. वारा बदलला, कळलं?" वारा बदललेला नसतो. पाहुणे "हो हो" म्हणतात. मीही आजवर निदान वीसदा म्हटलंय.

किनाऱ्यांबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. नागावची झाली जत्रा. काशिदची वाळू म्हणजे कुणाच्या तरी हातून रांगोळी सांडलीय. वाळू कशी अलिबागसारखी काळी, अंगभर चिकटणारी हवी. किहीमला गेलं तर ते समुद्राकडे न बघता झाडांकडे बोट करतात, कारण सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास तिथे केला. अक्षीला तर पाहुण्याच्या पायाला पाणी लागायच्या आधी शिलालेख. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतला सर्वांत जुना हाच, असं अनेक अभ्यासक मानतात; मामा "मानतात" गाळून सांगतात. गधेगाळीवरचा शाप मात्र बायकामंडळींसमोर सांगत नाहीत. पुरुषांना बाजूला घेऊन सांगतात, आणि मग बायका विचारत राहतात की हे सगळे हसतायत कशाला.

पण खरी मिजास भरती-ओहोटीची. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. हिशेब बिनचूक आहे, कोळ्यांच्या पिढ्या त्यावर जगल्या. गेल्या मार्गशीर्षात याच हिशेबावर आम्ही अकरा जण भर बाराला कुलाबा किल्ल्यात चालत जायला म्हणून अलिबागला उतरलो. किल्ला चहूबाजूंनी पाण्यात. मामांनी घड्याळ बघितलं, पाणी बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं.

"समुद्र आज लेट आहे," ते म्हणाले. रोह्याची मेमू लेट असावी, तसं.

झालं होतं असं की कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं पान उलटायचं राहिलं होतं. रविवारच्या घरात अष्टमी दिसली ती जुनी. त्या दिवशी होती त्रयोदशी. मामींनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. मामांना ते ऐकू गेलं नाही. तीन तास आम्ही वाळूत बसून दाणे खाल्ले, आणि साडेतीनच्या सुमारास पाणी गुडघ्याखाली आल्यावर मामा उठले, "बघा, म्हटलं नव्हतं ओहोटी लागेल?"

त्या दिवशी मामांचे रोह्याचे साडूही बरोबर होते. दोघांचं एकच भांडण, समुद्र कुणाला जवळचा? "आमची कुंडलिका थेट रेवदंड्याला समुद्राला भेटते. तुमची भोगावती मधेच धरमतरच्या खाडीत थांबते," साडू म्हणतात. यावर मामांचं हुकमी पान ठरलेलं, "दर वर्षी आमच्याकडून गणपती जातात समुद्रात. तुमच्या नदीतून काय जातं?" साडूंना कारखाने आठवतात आणि ते विषय पोपटीकडे वळवतात.

एवढं करून मामा स्वतः पाण्यात शिरत नाहीत. ते कोरड्या वाळूत, समुद्राकडे पाठ करून बसतात, तोंड पाहुण्यांकडे. पहिल्यांदा बरं वाटेना, नंतर लक्षात आलं की ते डोळे बघतायत. लाट फुटली की पाहुण्याचे डोळे जरा मोठे होतात, पापणी वर ताणते. मामांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट तेवढ्यात वाळूवर एक बारीक कमान ओढून मोकळं होतं. नखाच्या कडेला काळा रंग कायमचा.

डोंबिवलीहून आलेल्या नातवाने त्यांना हाताला धरून ओढलं. "आजोबा, चला ना पाण्यात."

"नको रे बाबा. आम्ही पेणची माणसं शाडूची, विरघळू." मग मागे वळून, गुडघाभर पाण्यात विजार सावरत उभ्या असलेल्या साडूंकडे बोट केलं. "त्या आजोबांना ने. ते प्लास्टरचे आहेत."