कोठीवाले

गाण्याच्या जलशाला तंबू ठोकून राहायचं ठरलं की टोळीत कामं वाटली जातात. कोणी तिकिटं काढतो, कोणी गाडी बघतो, कोणी ऐन वेळी पोटदुखीचं कारण सांगून घरी राहतो. आणि एक जण कोणी काही विचारायच्या आत म्हणतो, ‘‘ती बाजू माझ्याकडे.’’ ती बाजू म्हणजे कोणती, हे विचारायचं नसतं. हा माणूस म्हणजे कोठीवाले.

आडनाव अर्थातच वेगळं आहे, पण देवासात ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. पणजोबा म्हणे पवारांच्या दरबारात कोठीवर होते. देवासात गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कोठ्या. पणजोबा नेमके कोणत्या पातीच्या कोठीवर होते, याचं उत्तर ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. पाहुणा पुस्तकं वाचणारा निघाला तर थोरली. कारण इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे सेक्रेटरी होता आणि ‘‘त्याच्या चहाची साखर आमच्या पणजोबांच्या सहीनं निघायची’’ असं सांगता येतं. कोठीवर कोण होतं ते जाऊ द्या. कोठी काही रक्तातून गेलेली नाही, एवढं मात्र खरं.

कोठीवाल्यांची पेटी पाहण्यासारखी असते. जुनी पत्र्याची ट्रंक, आत थर्माकोलचं अस्तर, त्यात बर्फ. काचेचे पेले नाहीत, स्टीलचे. फुटत नाहीत आणि त्यांच्यावर नाव घालून घेता येतं. सगळ्या पेल्यांवर आजीचं नाव आहे, त्यामुळे दर घोटाला एका सात्त्विक बाईचं नाव ओठांना लागतं. लिंबं, काळं मीठ, रतलामी शेव, लसणाची शेव, खारे दाणे. बाटली उघडायची किल्ली सुतळीनं पेटीच्या कडीला बांधलेली, पोस्टातल्या पेनासारखी. प्रत्येक बाटलीला रबरबँड. रात्री पातळी जिथे असेल तिथे तो सरकवायचा. आणि सगळ्यात वर एक लाल वही. तारीख, गाव, आवक, जावक, शिल्लक. शेवटच्या रकान्याला मथळा आहे ‘सांड-लवंड’. कोणाच्या हातून किती सांडली, हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. लग्न ठरवताना मुलाच्या वर्तनाची चौकशी करायची असेल तर माळव्यात याहून विश्वासार्ह कागद नाही.

एवढा सरंजाम बाळगणारा माणूस पट्टीचा पिणारा असेल असं कोणालाही वाटेल. कोठीवाले संध्याकाळी एक पेला भरून घेतात आणि रात्री अकराला त्यातला अर्धा झाडाच्या बुंध्याशी ओततात. (हाही जावकमध्ये लिहिला जातो, माणूस प्रामाणिक आहे.) त्यांचा आनंद पिण्यात नाही, पुरवण्यात आहे. चार माणसं पेले पुढे करून उभी आहेत, आपण एका डोळ्यानं पातळी बघत ओततोय आणि म्हणतोय, ‘‘हळू रे, रात्र मोठी आहे,’’ हा त्यांचा दरबार.

विकत घेऊन पिणं त्यांना मंजूर नाही. पैशांचा प्रश्न नाही. पेटीच्या बर्फावर आणि डिझेलवर ते जेवढा खर्च करतात, तेवढ्यात जलशाच्या आतल्या काउंटरवर सगळ्यांचं भागेल. ‘‘अरे भिया, तिथं उभं राहून मागायचं? आपल्याच पैशानं? आणि वर तो पोरगा प्लॅस्टिकच्या पेल्यात माप दाखवून राहिला!’’ दुसऱ्यानं माप करावं हे कोठीवाल्याला कसं सोसावं?

त्यात राज्याची अबकारी धोरणं त्यांच्या बाजूनं उभी राहिली. मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना जोडलेले ‘अहाते’, म्हणजे घ्या आणि तिथेच बसा अशा जागा, १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा तीर्थांच्या गावांतली दुकानंही बंद झाली. लोकांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे आनंद किंवा दुःख केलं. कोठीवाल्यांनी नकाशा केला. माळवा-निमाडच्या नकाशावर लाल टिकल्या, हिरव्या टिकल्या, मधलं अंतर किलोमीटरमध्ये. तो त्यांनी दिवाणखान्यात कुमार गंधर्वांच्या फोटोशेजारी लावला. १९४८ साली जे इथे राहायला आले आणि ज्यांच्या सुरांनी हे गाव ओळखलं गेलं, त्यांच्या शेजारी हा नकाशा बरा दिसत नाही, असं वहिनींनी सुचवलं. कोठीवाल्यांनी मान डोलावली आणि नकाशाला चौकट करून आणली.

२०१९च्या डिसेंबरअखेरीस मांडूत नव्या थाटाचा महोत्सव भरला. राहायला तंबू, आकाशात गरम हवेचे फुगे, संध्याकाळी महालांच्या साक्षीनं गाणं. धार जिल्ह्यातल्या माणसाला घरच्या अंगणात काश्मीर आल्यासारखं झालं. तेव्हापासून कोठीवाले मांडूचा इतिहास वाचू लागले, अर्थात आपल्या बाजूनं. बादशहा जहांगीर १६१७ साली मांडूत काही महिने मुक्कामाला होता. ऐन तरुणपणी आपण दिवसाला दुहेरी गाळलेल्या दारूचे वीस प्याले घेत होतो, चौदा दिवसा आणि बाकीचे रात्री, असं त्यानं स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे हात कापू लागले आणि त्यानं ते कमी केले. हे वाचून दुसरा कोणी व्यसनाच्या परिणामांवर बोलला असता. कोठीवाले म्हणाले, ‘‘चौदा आणि सहा! बघ, बादशहा असून हिशोब ठेवलाय माणसानं.’’ मांडूच्या सुलतानांनीच ‘निमतनामा’ हा पाककृतींचा ग्रंथ लिहवून घेतला आणि त्यात समोशांचे प्रकार आहेत, हे कळल्यावर तर मांडू हे चकण्याचं आद्यपीठ असल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं.

तिकिटाच्या जलशात मात्र फाटक असतं आणि फाटकावर पिशव्या उघडणारी मुलं असतात. बाहेरचं खाणंपिणं आत नाही, काच तर मुळीच नाही, हा नियम आता आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आहे. लोक यावर अनेक तोडगे काढतात. कोणी बाटल्यांवर कोकम सरबताचं लेबल चिकटवतो, कोणी काढ्याच्या बाटलीत भरून घसा धरून खोकत आत शिरतो. कोठीवाल्यांना हे पटत नाही. लपवलेला माल वहीत दाखवायचा कसा?

पुण्याच्या भाच्यानं एकदा त्यांना तिकडच्या अशाच जलशाला नेलं. तिकडे जायच्या आधी कोठीवाल्यांनी महाराष्ट्राचा १९४९चा दारूबंदी कायदा वाचून काढला. प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो, कडक दारूला वय पंचवीस पुरं हवं, हे कळल्यावर त्यांनी भाच्याच्या मित्रांना ओळीनं उभं करून जन्मतारखा विचारल्या. दोघं पंचविशीच्या आतले निघाले. त्यांना त्यांनी आपल्या हातानं लिंबू सरबत करून दिलं. परवाने काढले, फायलीत लावले. आणि फाटकावर त्या मुलानं नम्रपणे सांगितलं, ‘‘काका, पेटी आत नाही जाणार.’’

‘‘जमा करून घ्या.’’

‘‘जमा नाही होत, टाकून द्यावी लागते.’’

‘‘ठीक. पावती द्या.’’

‘‘पावती कसली, काका?’’

‘‘एवढा माल टाकला म्हणून पावती. नाहीतर मी खर्च कोणत्या खात्यात दाखवू?’’

मागे शंभरेक तरुण ताटकळत होते. अखेर कोठीवाले बाजूला झाले, पेटी गाडीत ठेवली आणि गाडीतच बसले. माल एकटा कसा सोडायचा? रात्रभर काचा वर करून ते पेटीशेजारी बसून होते. रस्त्यावर पिणं गुन्हा, म्हणून एक थेंबही प्यायले नाहीत. सकाळी भाच्यानं ओशाळून विचारलं, ‘‘मामा, काही ऐकू आलं का?’’ मामा म्हणाले, ‘‘तबला बरा होता.’’ तो ड्रमसेट होता.

त्यांची समजूत घालायला भाच्यानं जगभरची माहिती पुरवली. इंग्लंडात ग्लॅस्टनबरीला पाच दिवस तंबू ठोकून लोक राहतात आणि आपली दारू आपण नेता येते. फक्त काच चालत नाही. ‘‘स्टील चालतं ना?’’ कोठीवाल्यांनी आजीचा पेला वर धरला. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ भरतो, तिथे तर दारू विकायलाच नसते. ज्यानं त्यानं आपली आणायची आणि येईल त्याला द्यायची; विकत मिळतो तो बर्फ. कोठीवाले बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘शहाणी माणसं आहेत. देण्याची नोंद कोण ठेवतं?’’ कोणीच ठेवत नाही, हे ऐकल्यावर अमेरिकेवरचं त्यांचं मन उडालं.

खरा प्रसंग यायचा होता तो घराजवळच, मोहनखेड्याला. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भगोरियाचा. धार, झाबुआ, अलीराजपूरच्या भिल्ल-भिलाला मुलखात गावोगावच्या आठवडी बाजारांचे मेळे होतात. पोरीबाळी एकसारख्या रंगाचे कपडे घालून येतात, मोठाले मांदल घुमतात, थाळी आणि बासरी त्यांच्या सोबतीला. ना तिकीट, ना फाटक, ना पिशव्या उघडणारा. कोठीवाल्यांना वाटलं, आपलं राज्य आलं. वहिनींची एकच अट होती. राजगडजवळ मोहनखेड्याचं जैन तीर्थ आहे; सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ रचणाऱ्या राजेंद्रसूरींची समाधी तिथे आहे. मुक्काम तिथल्या धर्मशाळेत, जेवण भोजनशाळेत, तेही सूर्यास्ताआधी. गाडी वहिनीच चालवणार असल्यानं अट मान्य झाली.

तीर्थाच्या बाहेर कोठीवाल्यांनी पेटी उघडून तपासणी केली. बाटल्या आत नेण्याचा प्रश्नच नव्हता. लसणाची शेव बाद, कंदमुळं तिथे वर्ज्य. वही आत नेता आली असती, पण तिच्यातल्या नोंदी पाहता तीही नको, असं वहिनींचं मत पडलं. अख्ख्या पेटीतून तीर्थात जाण्याच्या लायकीचं निघालं ते काळं मीठ. ते पुडीत बांधून कोठीवाले जेवायला गेले आणि सगळी गाडी कुलपाच्या हवाली करून निवांत झोपले. पेटीपासून लांब झोपण्याची त्यांची ती पहिलीच रात्र असावी.

दुसऱ्या दिवशी मेळ्यात एका म्हाताऱ्या भिल्ल बाबांनी त्यांना ताडी दिली. पहाटे घरच्या झाडावरून उतरवलेली, मातीच्या घड्यातली, गोडसर. कोठीवाल्यांनी पैसे विचारले; बाबा हसले. किती लोकांना देणार, घड्यात किती मावते, शिल्लक काय राहील, हे विचारलं. बाबांना प्रश्नच कळेना. सकाळची ताडी सकाळी प्यायची, दुपारनंतर ती आंबट होत जाते, उद्या झाड पुन्हा देतं. इकडे आदिवासींना घरच्यापुरती मोहाची गाळायची मुभा आहे, सरकारनं अलीकडे ‘हेरिटेज’ म्हणून तिची ‘मोंड’ नावाची बाटलीही काढलीय. पण ताडीला बाटली मानवत नाही. जिचा साठाच होत नाही अशी दारू कोठीवाल्यांनी आयुष्यात प्रथम पाहिली. आवक आहे, जावक आहे, शिल्लक नाही!

माणसाला स्वभाव सुटत नाही. वहिनींची नजर चुकवून त्यांनी एक बाटलीभर ताडी मागून घेतली, बूच घट्ट दाबलं, रबरबँड लावला, वहीत लिहिलं: ‘ताडी, १ नग’. संध्याकाळी आम्ही तीर्थाबाहेर गाडी लावून उतरतो न उतरतो तोच डिकीतून धडाडकन आवाज झाला. बंद बाटलीत ताडी दिवसभर आंबत, फुगत राहिली होती. बूच उडून ट्रंकेचं झाकण आपटलं आणि पांढरा फेस नंबरप्लेटवरून ओघळू लागला. दर्शन करून निघालेली मंडळी नाकाला रुमाल लावून झपझप गेली. कोठीवाल्यांनी मोठ्यानं सांगितलं की रेडिएटरचं पाणी आहे. डिकीत रेडिएटर नसतो, हे वहिनींनी त्याहून मोठ्यानं सांगितलं.

गाड्यांवर लक्ष ठेवणारा स्थानिक पोरगा जवळ आला, वास घेतला आणि कीव आल्यासारखा म्हणाला, ‘‘बाबूजी, सुबह की है. शाम तक रक्खी काय को?’’

कोठीवाल्यांच्या साऱ्या आयुष्यावर इतकी नेमकी टीका कोणी केली नसेल. ते काही बोलले नाहीत. डिकी पुसून घेतली, वही उघडली आणि ‘सांड-लवंड’मध्ये प्रथमच स्वतःचं नाव लिहिलं.

यानंतर ते बदलले असं समजू नका. आता पेटीत दाब सुटण्याची सोय असलेलं बूच आलंय, एवढंच. मांडूला निघताना आजही पेटी आधी चढते, मग माणसं. आणि खरं सांगायचं तर असा माणूस टोळीत असावा. मध्यरात्री डोकेदुखीची गोळी त्याच्याकडे मिळते, दुसऱ्याच्या तंबूत बर्फ संपला तर तोच देतो, जास्त झालेल्याचा पेला तोच अलगद काढून घेतो आणि त्याच्या देखरेखीखाली पिणारा कोणी आजवर घाटरस्त्यावर गाडी चालवायला बसलेला नाही. तेव्हा तंबूच्या जलशाला जाणार असाल तर आपल्या गावातला कोठीवाला शोधा, त्याला पेटीसकट न्या, सांडू नका आणि सांडलं तर कबूल करा. फक्त त्याचं तिकीट काढू नका. गाणं तो ऐकत नाही. पैसे फुकट जातात.