काव साहेबांचं पार्सल

हेरकथा वाचणारा माणूस हॉटेलात दाराकडे पाठ करून बसत नाही. डोसा गार झाला तरी चालेल, पण आत येणारा प्रत्येकजण नजरेखालून गेला पाहिजे. फोन आला की तो ‘हॅलो’ म्हणत नाही. पलीकडचा बोलेपर्यंत नुसता श्वास घेत राहतो. बायकोनं “कुठे निघालात?” विचारलं तर “इथंच” म्हणतो आणि अर्ध्या तासानं कोथिंबीर घेऊन परततो. अशी माणसं गावोगाव असतात. झाशीत, खंडेराव गेटजवळच्या आमच्या गल्लीच्या वाट्याला जो नमुना आला आहे त्याला सगळे हेरकाका म्हणतात. हे नाव तेवढं काकांच्या कानावर अजून गेलेलं नाही. बाकी सगळी माहिती त्यांच्याकडे असते.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. नोकरीत वाचनाची चंगळ होती. फलाटावर व्हीलरचा स्टॉल, त्यावर इब्ने सफी आणि सुरेंद्र मोहन पाठक. शिवाय मे महिन्यात पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं येणारे पाहुणे चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आणायचे. पुढे जॉन ल कारे आले, मग रवि आमल्यांचं ‘रॉ’वरचं जाडजूड पुस्तक आलं. इतकं वाचल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. जगात साधी अशी एकही गोष्ट काकांना उरली नाही.

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ आमच्याकडच्या मराठी घरांत आस्थेनं वाचतात. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत आला आणि 1858च्या वेढ्यात झाशीत अडकला, असं आपण समजतो. काका हसतात. “भिक्षुक? ऐन धामधुमीत निघतो, राणीच्या वाड्यात वावरतो, तोफा कुठे आहेत ते बघतो, सगळं डोक्यात साठवतो आणि जिवंत घरी जातो. आणि पुस्तक बाहेर कधी येतं? 1907. बंडापासून बरोबर पन्नास वर्षांनी. फाइली अशाच उघडतात, बाळ.” कोणासाठी हेरगिरी केली, असं मी विचारलं तर म्हणाले, “ते कळलं नाही, इथंच त्याचं कसब.”

या युक्तिवादाला उत्तर नसतं. वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीत नाटकशाळेतली मोतीबाई राणीसाठी बातम्या काढते, हे वाचल्यापासून गणेश मंदिरातल्या उत्सवाच्या नाटकात काम करणाऱ्या प्रत्येक मुलीकडे काका आदरमिश्रित संशयानं बघतात. नैनसिंग रावतांचं प्रकरण तर घरात भोवलं. 1865-66 साली हा कुमाऊंचा पंडित ब्रिटिशांसाठी तिबेटची मोजणी करत ल्हासापर्यंत गेला. पावलं मोजायला त्याच्या हातात जपमाळ होती, फक्त मणी 108च्या ऐवजी 100; शंभर पावलांना एक मणी. काकांनी हे वाचलं आणि काकूंच्या तुळशीच्या माळेतले आठ मणी काढून टाकले. नंतर महिनाभर ते घर ते इलाइट चौराहा हे अंतर मोजत फिरत होते. रस्त्यानं माळ ओढत जाणारे काका पाहून मंदिराचे गुरुजी काकूंना म्हणाले, “वहिनी, भाग्यवान आहात.” काकूंनी त्याच संध्याकाळी माळ मोजली.

या पार्श्वभूमीवर पेन-कॅमेऱ्याची खरेदी व्हायचीच होती. एका ऑनलाइन दुकानात तो 899 रुपयांना दिसला. बँकेत माग राहू नये म्हणून काकांनी पैसे रोख द्यायचं ठरवलं आणि ऑर्डर टोपणनावानं दिली: आर. एन. काव. 1968 साली ‘रॉ’ उभी करणारे रामेश्वरनाथ काव हे काकांचं दैवत. ज्याचे फोटोसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असा माणूस. चौथ्या दिवशी भर दुपारी पार्सलवाला पोरगा गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबवून ओरडला, “काव साब कौन हैं भाई? काव साब!” पानवाल्यानं मान वर न करता सांगितलं, “अरे, अपने कक्का हैं. नीले दरवाजे वाले.”

खोक्यात पेन होतं. कॅमेरा नव्हता. मात्र हे मान्य करायला काकांना तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नाही. भिंगानं बघत, टॉर्च मारत ते पेन फिरवायचे आणि पुटपुटायचे, “काय लपवलाय! वा! याला म्हणतात काम.” काकू म्हणाल्या, “अहो, दहा रुपयांचं पेन आहे ते.” काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मीच उठून आत गेलो. चौथ्या दिवशी दूधवाल्याचा हिशेब लिहिता लिहिता त्यातली शाई संपली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

मग सुरू झालं रिफंडप्रकरण. दुकानाच्या अॅपनं पहिली अट घातली: वस्तूचा आणि बिलाचा फोटो पाठवा. काका म्हणाले, “मी कुठलेही फोटो कुणालाही पाठवणार नाही.” कॅमेरा मागवणाऱ्या माणसाचं हे उत्तर अॅपला पेललं नाही, त्यानं तीच अट पुन्हा दाखवली. तेव्हा काकांनी फोन लावला. कौटिल्यानं सांगून ठेवलंय की एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच ती खरी धरावी. त्याप्रमाणे काकांनी तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळ्या माणसांना गाठलं. तिघांनीही शब्दशः एकच सांगितलं: “असुविधा के लिए खेद है सर, 24 से 48 घंटे में आपकी समस्या का समाधान हो जाएगा.” काका निर्धास्त झाले. अर्थशास्त्र रचताना आचार्यांनी कॉल सेंटर पाहिलेलं नव्हतं, तिथं तिघांच्याही समोर एकच कागद असतो, हे मी समजावलं. पण अठ्ठेचाळीस तास होईपर्यंत त्यांनी माझं ऐकलं नाही.

मधल्या काळात एका ठगाचा फोन आला. रिफंड देतो, फक्त मोबाइलवर एक अॅप उतरवा, म्हणजे मला तुमचा स्क्रीन दिसेल. इथं भलेभले बँकेतलं सगळं घालवून बसतात. काकांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा शत्रूचा एजंट लाभला होता. त्यांनी त्याला दुपारभर धरून ठेवलं, खोटी जन्मतारीख दिली, खोटी बँक दिली, तुझा बॉस कोण ते हळूच विचारलं, आणि तू आमच्या बाजूला ये, असंही सुचवलं. शेवटी त्या ठगानंच वैतागून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खऱ्या माणसानं खरी चौकशी करायला फोन केला, त्याचंही स्वागत याच पद्धतीनं झालं. त्यानं ‘ग्राहकाने सहकार्य केले नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद केली.

गल्लीला आता विषय मिळाला होता. “काए कक्का, पइसा आ गए?” असं पानवाला रोज विचारी. काकांनी त्याला एकदा इतिहासच ऐकवला. म्हणाले, या गावाला कंपनीकडून पैसे मागायची सवय आहे. राणीच्या दत्तक मुलाच्या, दामोदररावाच्या नावचे लाखो रुपये कंपनी सरकारनं स्वतःकडे ठेवले होते. पोराच्या मुंजीसाठी राणीनं त्यातले एक लाख मागितले, तर स्वतःच्याच पैशासाठी जामीनदार आणा म्हणाले! “और तुम 899 की बात करते हो.” पानवाल्यानं विचारलं की बाकीचे मिळाले का. काका गप्प झाले आणि सुपारी घेऊन निघाले.

मी म्हटलं, काका, आता सरकारी वाट धरा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. नाइलाजानं, आणि या वेळी खऱ्या नावानं, त्यांनी तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार आर. एन. काव यांना पार्सल सीलबंद व सुस्थितीत मिळाले असून आपला त्याच्याशी संबंध स्पष्ट होत नाही, तरी दावा विचारात घेता येत नाही.

काकांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता भडकणार. पण चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखा भाव. “ड्राफ्टिंग चांगलं आहे,” ते म्हणाले. “सीलबंद व सुस्थितीत. मी तीस वर्षं हेच लिहिलंय.” माल फुटला, कपड्यांचा गठ्ठा हलका निघाला, लोणच्याची बरणी वाटेत रिकामी झाली, की व्यापाऱ्यांना काकांच्या ऑफिसातून हेच वाक्य जायचं. फक्त सीपरी बाजारच्या एका कापडवाल्यासमोर त्यांचं काही चाललं नव्हतं. तो कागद लिहायचा नाही. डबा घेऊन यायचा आणि काकांच्या टेबलासमोर बसून राहायचा. शेवटी साहेबांनीच त्याचा दावा मंजूर करून टाकला.

पण या कंपनीचं टेबल कुठे शोधणार? काकांनी पार्सलवाल्या पोराचा माग काढला (म्हणजे त्याला चहा पाजून विचारलं), आणि ग्वाल्हेर रोडवरच्या गोदामाचा पत्ता लागला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या हातची भाकरी आणि ठेचा घेऊन काका तिथं जाऊन बसले. पोरांनी आधी दुर्लक्ष केलं, मग स्टूल दिलं, मग चहा. तिथं सगळी पार्सलं पिनकोडानुसार लावलेली. जुन्या शहराचा पिनकोड एक आणि गल्ल्या शेकडो. पोरं दतिया गेटचं पार्सल घेऊन सागर गेटला जात, तिथून भांडेर गेटला. काकांना हे बघवेना. बसल्या बसल्या त्यांनी एका पोत्यातली पार्सलं गेटांच्या क्रमानं लावून दिली. पोरं त्या दिवशी तासभर आधी मोकळी झाली. तेव्हापासून काका रोज सकाळी डबा घेऊन जातात; स्टुलाला आता गादी आली आहे.

परवा जिन्यात भेटले. मी विचारलं, “काका, रिफंडचं काय?”

त्यांनी वर-खाली बघितलं. “चालू आहे. घाई केली तर माझं कव्हर जाईल.” मग माझ्या अगदी जवळ आले. “तुझा मिक्सर आलाय, उद्या मिळेल. उघडताना व्हिडिओ काढून ठेव. मी हलवून बघितलाय. आतून विटेसारखा आवाज येतोय.”