श्रीयुत नंतरबघे

वर्गात त्याला एकच शंका येते आणि ती तो तास संपायच्या पाच मिनिटं आधी विचारतो. "सर, याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकणार ना?" सरांनी मान डोलावली की त्याच्या चेहऱ्यावर पेपर सोपा गेल्याचं समाधान पसरतं. वही मिटते, पेन खिशात जातं. त्याच्या लेखी आजचा विषय शिकून झाला. आता फक्त बघायचा राहिलाय आणि बघायचं काय, नंतर बघू.

हा मुलगा कर्नाटकाच्या सीमाभागातला. भालकीचा असेल, औरादचा, कमलनगरचा, नाहीतर आळंदचा. शिकायला कलबुर्गीत सेडम रोडवरच्या ज्ञानगंगा परिसरात असेल, कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठात असेल किंवा २०२३ साली बीदरला स्वतःचं विद्यापीठ मिळाल्यापासून घराजवळ हालहळ्ळीतच असेल. हजेरीपटावर आडनाव पाटील असो की बिरादार, आपल्यापुरता तो नंतरबघे.

त्याच्या मोबाइलमध्ये फोल्डरांची उतरंड आहे. 'सेम १', त्यात 'सेम १ फायनल', त्यात 'सेम १ फायनल इम्पॉर्टंट'. घरी आई सुगीला कणगीत ज्वारी भरते तशी तो लेक्चरं भरतो. फरक एवढाच की आईची कणगी पुढच्या सुगीपर्यंत रिकामी होते. मोबाइलची जागा संपली की तो चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो पुसतो, पण लेक्चराला हात लावत नाही. न बघितलेलं लेक्चर पुसणं त्याला पाप वाटतं. बघितलेलं पुसण्याचा प्रसंग अजून आलेला नाही.

सरकारनं त्याच्यासाठी काय कमी केलं? १९८४च्या स्वातंत्र्यदिनी विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर देशभरासाठी वर्ग भरवायला सुरुवात केली. ते वर्ग इंग्रजीत भरायचे, त्यामुळे गावातली पोरं पडद्यावरचे ग्रह-तारे बघून घ्यायची आणि पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहायची. २००३ला आयआयटीवाल्यांचा रेकॉर्ड केलेल्या लेक्चरांचा एनपीटीईएल उपक्रम आला. २००४ला शिक्षणासाठी म्हणून एड्युसॅट नावाचा उपग्रहच वर सोडला. त्याच्या पहिल्या प्रयोगांत बेळगावचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ होतं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही. काळोख केलेल्या हॉलमध्ये दुपारी अडीचला आकाशातून अभियांत्रिकी शिकवायची म्हणजे झोपेची सोयच. २०१७ला ऑनलाइन कोर्सेसचं सरकारी स्वयम आलं. २०२१पासून तर एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून करायची परवानगी आहे. मधल्या काळात मार्च २०२० उजाडला. देशातला करोनाचा पहिला बळी कलबुर्गीत गेला, कॉलेजं बंद झाली आणि 'रेकॉर्डिंग टाका' ही मागणी हक्काची झाली. ती अजून हक्काचीच आहे.

रेकॉर्डिंगचा खरा विद्यार्थी त्याच्या घरात बाप आहे. बाप पहाटे गुरांना वैरण टाकताना फोनवर कीर्तन लावतो. तेच कीर्तन, तेच महाराज. विनोद येण्याआधीच हसतो आणि महाराज चुकून एखादं वाक्य गाळतात की काय याच्यावर लक्ष ठेवून असतो. दिवसाच्या दीड जीबीतला निम्मा डेटा सूर्य उगवायच्या आत विठ्ठलचरणी जातो. मुलगा कुरकुरला की बाप विचारतो, "तुझ्या मास्तराचं एक तरी वाक्य पाठ हाय का तुला?" हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यामुळे नंतरबघे उत्तर देत नाही.

आईचं वेगळं. तो घरी आला की ती चुलीपुढून विचारते, "काय करायलास रं?"

"लेक्चर ऐकायलोय, माय."

"लई हसायलेत की तुझे मास्तर!"

तो चटकन रील बंद करून लेक्चर लावतो. दहाव्या मिनिटाला डोळा लागतो. रात्री आई येऊन बघते तर पोरगं झोपलंय, कानातली वायर गळून पडलीय आणि फोनमधले मास्तर एकटेच बोलायलेत. मोठा माणूस बोलत असताना बंद कसं करायचं, म्हणून ती माउली फोन उचलून नीट उशाशी ठेवते. मास्तर मध्यरात्रीपर्यंत शिकवतात. सकाळी ॲप सांगतं, 'लेक्चर पूर्ण पाहिले', आणि त्यापुढे हिरवी खूण. माझ्या अंदाजानं त्याच्या बहुतेक हिरव्या खुणा आईच्या संस्कारांतून आलेल्या आहेत.

तरीही तो अजिबात अभ्यास करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. बीदर–कलबुर्गी रेल्वे २०१७च्या ऑक्टोबरात सुरू झाली. एकशे दहा किलोमीटरचा मार्ग आहे आणि हुमनाबाद सोडल्यावर मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. घरी येता-जाता तो त्याच गाडीत असतो. गाडी बोगद्यात शिरली की नेट जातं. रील मध्येच गोठतं. खिडकीतून बघावं तर अंधार, समोरच्या काकांशी बोलावं तर काका डुलकीत. नाइलाजानं तो डाउनलोड केलेलं लेक्चर उघडतो. "गुड मॉर्निंग स्टुडंट्स, ॲम आय ऑडिबल?" सर विचारतात. दोन-चार जण हो म्हणतात. सर पुन्हा विचारतात. मग 'लास्ट क्लासमध्ये आपण काय पाहिलं' हे सांगायला सुरुवात करतात, तोवर उजेड येतो, नेट येतं आणि अडलेलं रील जिथल्या तिथे नाचायला लागतं. 'ॲम आय ऑडिबल'पर्यंतचा अभ्यासक्रम मात्र त्याचा पक्का झालेला आहे.

त्याच्याच वर्गातली एक मुलगी भालकीहून सरकारी बसनं येते. जून २०२३पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचं तिकीट नाही, म्हणून ती रोज येऊ शकते. घरात फोन एकच, तोही भावाच्या ताब्यात. मोकळा होतो रात्री दहानंतर. तेवढ्यात ती लेक्चर ऐकते, थांबवते, लिहिते, पुन्हा ऐकते. तिला 'नंतर' नावाची वेळच नाही. परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात तिच्या वहीसमोर लागणाऱ्या रांगेत पहिला नंबर नंतरबघ्यांचा असतो.

पण त्याआधी पेपरची आदली रात्र असते, ती बघण्यासारखी. बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स म्हणजे साधारण तीस तासांचं बोलणं. दुप्पट वेगानं पंधरा तास. रात्रीचे नऊ वाजलेत, पेपर सकाळी दहाला. हातात तेरा तास. कमी पडतात दोन. हे दोन तास कुठून काढायचे यावर खोलीत बैठक बसते. सर फळा पुसतात ते गाळायचं, खोकतात ते गाळायचं, स्वतःच्या मुलाचा अमेरिकेतला पगार सांगतात ते तर आधी. हिशेब जुळतो तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे पुन्हा अडीच तास कमी. तेवढ्यात कोणीतरी मिरची-भजी आणतं. दुप्पट वेगातले सर लिलावातल्या अडत्यासारखे बोलू लागतात आणि तीनच्या सुमाराला खोलीतले सगळे त्या लिलावात झोपी जातात.

इथपर्यंत हसून झालं. आता त्याचं एक गुपित सांगतो.

हा मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात दखनी, बसमध्ये कन्नड, आणि वर्गात सगळं इंग्रजीत येऊन आदळतं. सर एखादी व्याख्या सांगून विचारतात, "अर्थ आय्ता?" साठ जण एका सुरात "आय्तु सर" म्हणतात. त्यात याचाही आवाज असतो, बाकीच्यांपेक्षा थोडा मोठाच. साठ जणांत उठून 'नाही कळलं' म्हणायला छाती लागते, आणि ती कुठून डाउनलोड करायची ते त्याला सापडलेलं नाही.

एकदा खोलीत कोणी नसताना त्यानं अर्थशास्त्राचं लेक्चर खरंच लावलं. मागणीची लवचिकता. सर म्हणाले 'इनइलॅस्टिक' आणि विचारलं, "अर्थ आय्ता?" हा मोठ्यानं म्हणाला, "नाही सर." दहा सेकंद मागे. "नाही सर." पुन्हा मागे. सर चिडले नाहीत, मागच्या बाकावरून कोणी खिदळलं नाही. चौथ्यांदा त्याच्या डोक्यात तूर आली. तूरडाळ प्रत्येक घरात लागते. महाग झाली म्हणून लोक फार कमी खात नाहीत, स्वस्त झाली म्हणून फार जास्त खात नाहीत. मग पीक बक्कळ आलं की भाव पिकापेक्षा जोरात पडतो. ज्या वर्षी बापाचं शेत तुरीनं भरलं, त्याच वर्षी सावकार दारात का उभा होता, ते त्याला तेव्हा कळलं. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ला भौगोलिक मानांकन मिळालं, तुरीची ही गोष्ट मात्र त्याला एका रेकॉर्डिंगनं सांगितली. त्यानं बापाला फोन केला. बाप म्हणाला, "हे आम्हाला ठाऊकच हाय की. पण तुला कोणी सांगितलं?"

त्यानंतर तो सुधारला वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी तासाला त्यानं पुन्हा तेच विचारलं, "सर, रेकॉर्डिंग?" पण लेक्चर दुप्पट वेगानं पळवणाऱ्या बटणापेक्षा दहा सेकंद मागे नेणारं बटण त्याच्या जास्त कामाचं आहे आणि ते फळ्याला बसवलेलं नसतं, एवढं मी त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे.

तेव्हा सीमाभागातल्या समस्त प्राध्यापक मंडळींना विनंती: रेकॉर्डिंग टाकत राहा, वर्गातलं कोणी बघत नाही म्हणून थांबू नका. फक्त सुरुवातीचं 'ॲम आय ऑडिबल' आणि मागच्या तासाची उजळणी तेवढी कापा. मुद्द्यावर लगेच या. मरगुत्तीचा बोगदा फार लांब नाही.