तीट आणि क्लोजअप

घरात गोंडस मूल असलं की आजी त्याच्या गालावर काजळाची तीट लावायची, संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळून टाकायची आणि ‘चारचौघांत फार मिरवू नका गं त्याला’ असं बजावायची. आजी आजही हेच करते. फरक एवढाच, की तिची पाठ वळली की आई वेट वाइपने ती तीट पुसते आणि मुलाचे बारा फोटो कास्टिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. ज्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून चार पिढ्यांनी काळजी घेतली, त्याच्यावर आता अख्ख्या देशाची नजर पडावी, अशी खटपट सुरू होते.

अशा पालकांची मुंबई-पुण्याकडे एक स्वतंत्र जमात तयार झाली आहे. सोयीसाठी त्यांना चिकूचे आई-बाबा म्हणू. राहणार डोंबिवली पूर्व, दोघंही नोकरीवाले, चिकू साडेतीन वर्षांचा. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत चिकू बालशिवाजी होऊन फडके रोडवर उभा होता. घामाने मिशी हनुवटीपर्यंत ओघळली होती. बाबांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘अगदी जाहिरातीतल्यासारखा दिसतोय हो!’ काकू हे वाक्य दरवर्षी चार-पाच मुलांबद्दल लिहितात. चिकूच्या आईने ते मनावर घेतलं.

बाबा अभ्यासू. त्यांनी आधी पूर्वजांची यादी काढली. शाहिद कपूर आणि आयेशा टाकिया लहानपणी कॉम्प्लानच्या जाहिरातीत होते. ‘धारा’च्या जाहिरातीत जिलबीच्या आशेने घरी परतणारा परझान दस्तूर पुढे 1998 साली ‘कुछ कुछ होता है’मध्ये तारे मोजणारा छोटा सरदार झाला. म्हणजे लाइन चांगली आहे, असं बाबांचं मत पडलं. 2003 सालची ‘हच’ची जाहिरातही त्यांनी यादीत घातली होती. पण त्यात मुलाच्या मागे फिरणारा पग सगळ्या देशाला आठवतो, घरोघरी पग आले, आणि मुलाचा चेहरा कुणालाच आठवत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती ओळ खोडली.

‘आणि पार्ले-जीची मुलगी?’ आईने विचारलं. त्या मुलीबद्दल महाराष्ट्रात प्रत्येकाकडे खात्रीची माहिती असते. ती नागपूरची होती, आता आजी झाली आहे, आमच्या मावशीच्या ओळखीची आहे. कंपनीने मात्र सांगून टाकलंय, की ते निव्वळ चित्र आहे. 1960च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दहिया यांनी काढलेलं. अमूलची मुलगी 1966ची, तीही रेखाटलेली. निरमाची गिरकी घेणारी मुलगी, तीही चित्रच. भारतातल्या सगळ्यात गाजलेल्या या तीन बालमॉडेलांपैकी एकीनेही ऑडिशन दिली नाही, एकीचेही दुधाचे दात पडले नाहीत आणि एकीलाही ऐन शॉटच्या वेळी शू लागली नाही. बाबा क्षणभर गप्प झाले. आई म्हणाली, ‘म्हणूनच तर खऱ्या मुलांना स्कोप आहे.’

आजीला यात नवल वाटलं नाही. बाबा स्वतः वर्षाचे असताना सुदृढ बालक स्पर्धेत दुसरे आले होते. तेव्हा परीक्षक बाळाला काट्यावर ठेवायचे, लसींचं कार्ड बघायचे आणि स्टीलचा डबा द्यायचे. त्या डब्यात अजून रवा असतो. आजीच्या हिशेबाने घराण्यात मॉडेलिंग होतंच. फक्त तेव्हा बक्षीस घरी यायचं, आता पैसे घरातून जातात.

पैसे पहिल्यांदा गेले ते पोर्टफोलिओत. फोटोग्राफरने चिकूला सूट घातला, धोतर नेसवलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि हातात त्याच्यापेक्षा मोठी गिटार दिली. बत्तीस फोटोंत चिकू एका मंत्र्याच्या लग्नाला आलेल्या कंत्राटदारासारखा दिसत होता. पुढे भेटलेल्या एका कोऑर्डिनेटरने हा अल्बम उघडलाही नाही. ‘साधा टी-शर्ट, खिडकीचा उजेड, मोबाइलवरचे चार फोटो पाठवा,’ ती म्हणाली, ‘आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवे. या वयात चेहरा बदलतो.’ नोंदणी फी म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा, खऱ्या एजन्सीचं पोट काम मिळाल्यावरच्या कमिशनवर भरतं, हेही तिनेच सांगितलं. हे बाबांना दोन नोंदणी फिया भरून झाल्यानंतर कळलं.

मग ऑडिशनची वारी. डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षाने आरामनगर. कास्टिंगवाल्यांनी भरलेल्या त्या जुन्या बैठ्या घरांपुढे सकाळपासून उमेदवार उभे असतात आणि दारातला पोरगा नुसतं बघून दोन शब्दांत निकाल देतो : ‘नॉट फिट.’ एमए झालेल्या माणसाला हे ऐकून रडू येतं. चिकूने शांतपणे मान हलवली, कारण त्याला वाटलं, चपलांबद्दल बोलतायत.

चौथ्या खेपेला आत प्रवेश मिळाला. साबणाच्या जाहिरातीसाठी चिखलात लोळून हसणारा मुलगा हवा होता. 2005 साली सर्फ एक्सेलने डाग अच्छे ठरवले, तेव्हापासून अशी मुलं लागतातच. ज्या आईने आदल्या दिवशी वरणाच्या एका ठिपक्यासाठी चिकूला फटका दिला होता, तीच आता कॅमेऱ्यामागून ‘लोळ ना राजा, बिनधास्त लोळ’ म्हणत होती. चिकूने आईकडे असं काही बघितलं, की त्यात सापळा ओळखलेल्या उंदराचा सगळा शहाणपणा होता. तो लोळला नाही. ‘बेटा, लेफ्ट प्रोफाइल दिखाओ.’ चिकूला डावं-उजवं मराठीतही येत नव्हतं. त्याने जीभ दाखवली.

बाबांनी या मधल्या काळात कायदा वाचला. बालकामगार कायदा 1986चा. 2016 साली तो दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षी नियमांत मुलांच्या अभिनयाबद्दल तपशील आला. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त तर नाहीच. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करायचं नाही. शेवटची अट बाबांनी मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, ‘विचारू या ना त्यालाच.’ चिकूला विचारलं. त्याने विचारलं, ‘मेट्रोत बसायचंय?’ हो म्हटल्यावर तोही हो म्हणाला. अशा रीतीने संमती मिळाली.

आणि एक दिवस निवड झाली. स्टँडबाय म्हणून. लहान मुलांच्या शूटिंगला एखादं जास्तीचं मूल ठेवतात. मुख्य मूल रडलं, झोपलं किंवा रुसलं तर ते पुढे करायचं. दुसऱ्याचं मूल रडावं अशी प्रार्थना करणं वाईट, हे चिकूच्या आईला कळत होतं. तिने प्रार्थना केली नाही, फक्त त्या मुलाकडे अधूनमधून बघत राहिली. आजीने ऐकलं असतं तर त्याच्या आईला आधी मीठ-मोहरी दिली असती. ते मूल तीन तास हसत होतं. शेवटी वाढदिवसाच्या प्रसंगात गर्दी कमी वाटली म्हणून चिकूला मागे उभं केलं.

जाहिरात लागली तेव्हा घरात अकरा माणसं टीव्हीपुढे होती. मावशीने अहिल्यानगरहून फोन चालू ठेवला होता. केक आला, फुगे आले, गेले. ‘कुठाय?’ सगळे ओरडले. बाबांनी मोबाइलवर तीच जाहिरात थांबवून थांबवून दाखवली. फुग्याच्या मागे एक कान दिसत होता. ‘हा,’ बाबा म्हणाले, ‘डावा.’ आजीने चष्मा लावून नीट बघितलं आणि कानामागची तीट ओळखली. तेवढी पुसायची राहिली होती.

पैसे तीन महिन्यांनी आले. मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला द्यायचे, असाही नियम आहे. म्हणून बाबा चिकूचं खातं उघडायला बँकेत गेले. रक्कम बघून काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘एवढ्यासाठी?’ मग फॉर्म पुढे ओढून विचारलं, ‘व्यवसाय काय लिहू?’

बाबांनी ‘विद्यार्थी’ लिहायला सांगितलं. चिकूचा ज्युनिअर केजीचा प्रवेश अजून व्हायचा होता. त्या मुलाखतीतही त्याने जीभच दाखवली होती.